सुईमागून दोरा, आणि कापड?

सुईमागून दोरा जातो, हे सांगायला शिंपी नको. पण मशीनवर बसलेल्या गृहिणीला विचारून पाहा, “सुई तर एकाच जागी वरखाली होते, मग कापड कोण नेते?” बहुधा उत्तर येईल, “मीच की! हाताने सरकवते.” दिवाळी तोंडावर आली, की मशीनवरची खोळ निघते. पडद्यांच्या कडा दुमडायच्या असतात, धाकटीचे परकर-पोलके बेतायचे असते. आणि नेमक्या याच दिवसांत सुया मोडतात, चुण्या पडतात, दोन पदर कमीजास्त होतात. यांतल्या पुष्कळ तक्रारींचे मूळ त्या “मीच की” मध्ये असते.

पत्र्याखालचा कारभार

खरा कारभारी पत्र्याखाली बसलेला असतो. कापड दाबून धरणारा फूट वर उचला. सुईच्या छिद्राशेजारी पत्र्याला लांबट खाचा दिसतील आणि चाक हळूहळू आपल्याकडे फिरवले, की त्यांतून करवतीसारखे दाते डोके वर काढतील. सुई कापडाबाहेर पडली, की दाते वर येतात. वरून फूट दाबत असल्याने कापड दोघांच्या चिमटीत सापडते. मग दाते मागे, म्हणजे शिवणाऱ्यापासून दूर सरकतात आणि कापडाला एका टाक्यापुरते बरोबर नेतात. तेथून ते खाली बुडतात आणि पत्र्याखालून रिकामेच पहिल्या जागी परततात. वर, मागे, खाली, पुढे असा हा चार हालचालींचा फेरा. सुई कापडात शिरलेली असते तेव्हा दाते खाली बुडालेले असतात.

दाते उचलण्याचे काम एक दांडा करतो, मागेपुढे नेण्याचे दुसरा. दोघांनाही गती मिळते ती सुई हलवणाऱ्या मुख्य दांड्याकडूनच; म्हणून ताल चुकत नाही. टाका लहानमोठा करण्याची खुंटी आपण फिरवतो, तेव्हा सुईच्या चालीत काहीच बदल होत नाही. दात्यांची धाव तेवढी कमीजास्त होते.

१८५४ सालची गोष्ट

ही साधी वाटणारी युक्ती सहज सुचलेली नाही. अमेरिकेतील एलियास हौ याने १८४६ साली पेटंट घेतलेल्या यंत्रात कापड टाचण्यांच्या पट्टीवर उभे अडकवावे लागे. पट्टी संपली, की यंत्र थांबवा, कापड काढा, पुन्हा अडकवा! शिवण जाई ती सरळच. बाहीचा गोल वळवायची सोय नव्हती. १८५१ मध्ये आयझॅक सिंगरने कापड आडव्या मेजावर आणले आणि खालच्या खरबरीत चाकाने ते पुढे नेले. पण चाक कापडाचा पिच्छा सोडीना. कापड धरावे केव्हा आणि सोडावे केव्हा, हे नेमके ओळखले ते लाकडी सामान बनवणाऱ्या ॲलन विल्सन या कारागिराने. त्याच्या चार हालचालींच्या दात्यांना १९ डिसेंबर १८५४ रोजी पेटंट मिळाले. दाते खाली गेले, की कापड मोकळे होते. सुई त्यात तशीच ठेवून, फूट उचलून, ते हवे तसे वळवता येते. गळ्याचा कोपरा काटकोनात वळतो तो यामुळेच.

हे साल आपल्या ठाणे-कल्याणकडच्या मंडळींनी विसरू नये. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी आली आणि १ मे १८५४ रोजी ती कल्याणला पोचली. त्याच वर्षाअखेर तिकडे कापडालाही वाट सापडली!

पुढे त्याच कल्याणजवळच्या, दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथे कोनशिला बसली आणि छावणीचे उल्हासनगर झाले. आज हे गाव जीन्सच्या शिवणकामासाठी ओळखले जाते. कारखान्यातले यंत्र मिनिटाला चारपाच हजार टाके घालू शकते. म्हणजे दात्यांचे तितकेच फेरे. जेथे नगावर मजुरी मिळते, तेथे कापड अडले, की कारागिराची कमाईही अडते. म्हणून जाड कापडासाठी अशीही यंत्रे असतात, की त्यांत सुई कापडात शिरल्यावर दात्यांबरोबर स्वतःही सरकते आणि सगळे पदर एकदम घेऊन जाते.

दोन पदरांचे भांडण

घरच्या मशीनला ही सोय क्वचितच. तिथे दाते ओढतात तो फक्त खालचा पदर; वरचा पदर फुटाशी घासत मागे रेंगाळतो. दोन मीटर पडद्याच्या शिवणीत अडीच मिलिमीटरचे आठशे टाके पडतात. दर टाक्याला वरचा पदर मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका मागे राहिला, तरी शेवटी चार सेंटिमीटरचा फरक! यात बेतणाऱ्याचा दोष नसतो. लांब शिवणीला आधी धावदोरा घालावा, फुटावरचा दाब थोडा कमी करावा आणि बुळबुळीत कापडाखाली पातळ कागद घ्यावा. तो मागाहून फाडून टाकता येतो. जाड घडीवर चढताना फूट तिरपा होऊन दाते नुसते घसरू लागले, तर फुटाच्या मागे तेवढ्याच जाडीची चिंधी सरकवावी.

आणि कापड ओढू मात्र नये. सुई आत असताना कापड ओढले, की ती वाकते, पत्र्यावर आदळते आणि मोडते. हाताचे काम दिशा देण्याचे. चालवणे दात्यांवर सोपवावे. अपवाद एकच, मशीनवरच्या भरतकामाचा. तेव्हा दाते खाली उतरवतात किंवा झाकतात, आणि रिंगमध्ये ताणलेले कापड हाताने फिरवतात.

दिवाळीची साफसफाई करताना या दात्यांचीही आठवण ठेवावी. पत्र्याचे स्क्रू काढले, की दात्यांच्या खोबणींत दाबून बसलेला धाग्यांचा कीस दिसेल. तो ब्रशाने काढावा. साठून राहिला, की दाते पुरेसे वर येत नाहीत आणि टाके एकाच जागी पडू लागतात. मग एखाद्या चिंधीवर टीप मारून पाहावी. टाके एकसारखे आले, की नव्या कापडाला हात घालायला हरकत नाही.