प्राणिविद्येची आंतरजालावरील साधने आणि त्यांची पारख

भिवंडीसारख्या गावात प्राणिविद्येचा अभ्यास करावयाचा तो कशासाठी, असा प्रश्न पुष्कळांच्या मनात येईल. गावाची ओळख यंत्रमागांची. अलीकडे तीत गोदामांची भर पडली. परंतु हेच गाव कामवारी नदीच्या काठी वसले आहे, खालच्या अंगाला खाडी आहे, भोवती भातशेती आहे, आणि वाडा-शहापूरच्या बाजूस तानसाचे जंगल आहे. शेताच्या जागी गोदाम उभे राहिले म्हणून तेथील जीव नाहीसे होत नाहीत. माल आला की उंदीर येतात, आणि उंदीर आले की त्यांच्या मागोमाग साप येतात. पावसाळ्यात गोदामाच्या दारात साप निघाला की चार माणसे भ्रमणध्वनीवर त्याचे छायाचित्र काढून पाठवतात, आणि दहा मिनिटांत त्या एका सापाची पाच नावे तयार होतात. त्या पाचांपैकी फार तर एक बरोबर असणार. ते कोणते, हे ओळखण्याची रीत असणे ही केवळ विद्वानांची चैन नव्हे. कित्येकदा तो घरच्या माणसाच्या प्राणाचा प्रश्न असतो.

एके काळी माहितीचा दुष्काळ होता. आज महापूर आहे. दुष्काळात माणूस मिळेल ते पाणी पितो. महापुरात पाणी चोहोकडे असते, पण पिण्याजोगे कोणते ते पाहावे लागते. आंतरजालावर प्राण्यांविषयी जे मिळते त्यात शंभर वर्षांच्या संशोधनाचे सार आहे, आणि नागमण्याची चलच्चित्रेही आहेत. दोन्ही एकाच पडद्यावर, एकाच आकाराच्या अक्षरांत दिसतात. सापाला दूध आवडते, पुंगीच्या सुरावर तो डोलतो, मारणाऱ्याची छबी त्याच्या डोळ्यांत उमटते, ह्या समजुती पूर्वी पारावर सांगितल्या जात. आता त्या रंगीत चित्रांसह येतात. अलीकडे तर कृत्रिम बुद्धीच्या साह्याने कधीही न जन्मलेल्या प्राण्याचे हुबेहूब छायाचित्र तयार होते. म्हणून साधनांची यादी देण्यापूर्वी त्यांची पारख कशी करावी हे सांगणे आम्हांस अधिक अगत्याचे वाटते.

पहिली गोष्ट नावाची. पिंगळा हा शब्द शोधयंत्रात घालून पाहावा. भल्या पहाटे दारी येऊन भविष्य सांगणारा पिंगळा मिळेल, योगशास्त्रातली पिंगळा नाडी मिळेल, आणि आपल्याला हवे असलेले छोटे घुबडही मिळेल. त्या घुबडांतही पुन्हा गावोगाव दिसणारा साधा पिंगळा वेगळा आणि दुर्मिळ असा रानपिंगळा वेगळा. सापांच्या बाबतीत हा घोटाळा आणखी वाढतो. भिवंडीच्या एकाच यंत्रमाग कारखान्यात मराठी माणूस ज्याला मण्यार म्हणतो त्याला उत्तरेकडून आलेला कामगार करैत म्हणतो आणि तेलुगू भाषेत त्याला कट्ल पामु असे नाव आहे. तिघांनी आपापल्या भाषेत शोध घेतला तर तिघांना तीन ठिकाणची माहिती मिळेल. पण बंगारस सेरुलियस हे शास्त्रीय नाव तिघांनाही एकाच प्राण्यापाशी आणून सोडते. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनीअस ह्याने १७५८ साली आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत प्राण्यांना दोन शब्दांची नावे पद्धतशीरपणे दिली; त्या पद्धतीचा उपयोग आजही हाच आहे. तेव्हा लोकभाषेतल्या नावावरून आधी शास्त्रीय नाव काढावे आणि मग त्या नावाने पुढचा शोध घ्यावा. शास्त्रीय नावेही कधी कधी बदलतात, म्हणून जुने नावही टिपून ठेवावे.

दुसरी गोष्ट पुराव्याची. येथे रानपिंगळ्याचीच कथा सांगणे उपयोगाचे होईल, कारण ती आपल्या प्रदेशातली आहे. अॅलन ह्यूम ह्याने १८७३ साली ह्या पक्ष्याचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर एकोणिसाव्या शतकात थोडेच नमुने गोळा झाले. त्यांतले काही खानदेशातले होते. पुढे हा पक्षी कोणाला दिसेना. मात्र १९१४ साली गुजरातेत मिळाल्याची चिठ्ठी असलेला एक नमुना रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन ह्या इंग्रज अधिकाऱ्याच्या संग्रहात होता, आणि त्याच्या नावाचा दबदबा असल्याने ती नोंद सर्वांनी खरी मानली. ग्रंथकारांनी ती एकमेकांच्या आधारे उतरून घेतली. पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस पामेला रासमुसेन ह्या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी संग्रहालयातील नमुने स्वतः तपासले. चामडे भरण्याची प्रत्येक संग्राहकाची हातोटी वेगळी असते. त्यावरून असे दिसून आले की हा नमुना मुळात जेम्स डेव्हिडसन ह्याने १८८० च्या दशकात मिळवलेला असून तो संग्रहालयातून उचलून, पुन्हा भरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. खोटी नोंद बाजूला सारून त्या आणि त्यांचे सहकारी जुन्या खऱ्या ठिकाणांकडे वळले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या रानात तो पक्षी जिवंत दिसला. मधली शंभरांहून अधिक वर्षे त्याची एकही निर्विवाद नोंद नव्हती.

ह्या कथेचा बोध असा की, एखादी गोष्ट दहा ठिकाणी लिहिलेली आहे म्हणून तिला दहा पुरावे आहेत असे होत नाही. दहाही जणांनी एकाच चिठ्ठीवरून उतरून घेतले असेल तर पुरावा एकच, आणि तीच चिठ्ठी खोटी असेल तर एकही नाही. आंतरजालावर ही उतरून घेण्याची क्रिया काही क्षणांत होते. म्हणून कोणतेही पान वाचताना चार प्रश्न विचारावेत. हे कोण सांगतो आहे? कशाच्या आधारे सांगतो आहे? केव्हा सांगितले आहे? आणि चूक निघाल्यास ती दुरुस्त करण्याची काही सोय तेथे आहे काय? ज्या पानाला ह्या चारांची उत्तरे देता येतात ते पान विश्वासाच्या वाटेवर आहे असे समजावे. कृत्रिम बुद्धीला प्रश्न विचारून मिळालेल्या उत्तरालाही हाच नियम लावावा. ते उत्तर सफाईदार असते, पण त्यात न लिहिलेल्या ग्रंथांची नावेही येऊ शकतात; म्हणून ते शोधाची सुरुवात म्हणून घ्यावे, शेवट म्हणून घेऊ नये.

आता साधनांकडे वळू. मराठी वाचकाने प्रारंभ मराठी विश्वकोशापासून करावा. १९६० साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झालेल्या मंडळाच्या कामातून हा कोश उभा राहिला आणि आज तो आंतरजालावर विनामूल्य वाचावयास मिळतो. प्राण्यांवरील त्याच्या नोंदीत शरीररचना, सवयी, प्रसार आणि शास्त्रीय नाव दिलेले असते. कुमार विश्वकोशातील जीवसृष्टी आणि पर्यावरण हा भाग विद्यार्थ्यांना विशेष सोयीचा आहे. मात्र पहिला खंड १९७६ साली निघाला हे लक्षात ठेवावे. प्राण्याच्या हाडांची रचना तेव्हापासून बदललेली नाही. त्याची संख्या आणि वर्गीकरण बदललेले असू शकते.

संख्या व धोका ह्यांविषयी आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाची लाल यादी पाहावी. ती १९६४ पासून चालत आलेली असून प्रत्येक नोंदीखाली मूल्यमापनाचे वर्ष आणि आधार दिलेले असतात. रानपिंगळा पूर्वी ह्या यादीत अतिसंकटग्रस्त गणला जाई. २०१८ पासून तो संकटग्रस्त गणला जातो. जुन्या पुस्तकात एक आणि नव्या पानात दुसरे दिसले तर त्याचे कारण हे असते.

भारतातील जुने संशोधन वाचावयाचे असल्यास मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे नियतकालिक हाती घ्यावे. ही संस्था १८८३ साली स्थापन झाली आणि तिचे नियतकालिक १८८६ पासून निघते. त्याचे जुने अंक बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी ह्या आंतरजालावरील ग्रंथालयात छायाप्रतींच्या रूपाने फुकट वाचता येतात. कोलकात्यास १९१६ साली स्थापन झालेल्या भारतीय प्राणिशास्त्र सर्वेक्षण संस्थेच्या प्रदेशवार याद्याही तिच्या संकेतस्थळावर मिळतात. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी रेप्टाइल डेटाबेस उत्तम आहे. त्यात प्रत्येक जातीचे आजचे नाव, जुनी नावे आणि मूळ वर्णन कोठे छापले गेले ते सर्व एकत्र सापडते. फुलपाखरांसाठी बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातून चालणारे भारतीय फुलपाखरांचे संकेतस्थळ पाहावे. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेले नीलवंत तेथे सुरवंटापासून पंखांपर्यंत पाहता येते.

ह्यांहून निराळा प्रकार म्हणजे सामान्य माणसांच्या नोंदींवर उभ्या राहिलेल्या जागा. ई-बर्ड ही पक्ष्यांची नोंदवही २००२ साली अमेरिकेत सुरू झाली. अनपेक्षित नोंद आली की त्या प्रदेशातले जाणकार ती तपासतात. आय-नॅचरलिस्टवर कोणत्याही जिवाचे छायाचित्र चढवता येते आणि इतर लोक त्याची ओळख सुचवतात. दोनतृतीयांशांहून अधिक मते जुळली की नोंदीला संशोधनयोग्य असा शिक्का मिळतो. येथे मात्र सावध राहावे: मते जुळणे आणि सत्य कळणे ह्यांत अंतर असते. ओळख सुचवणाऱ्याने कारण दिले आहे काय, हे पाहावे. यंत्राने आपोआप सुचवलेले नाव तर केवळ तर्क समजावा.

एक मर्यादा आम्हांस निक्षून सांगावयाची आहे. साप चावला असेल तर आंतरजाल उघडू नये, रुग्णालय गाठावे. शांत वेळी अभ्यास करताना मण्यार आणि बिनविषारी कवड्या ह्यांतला फरक जरूर शिकावा: मण्यारीचे पांढरे पट्टे मानेकडे पुसट व शेपटीकडे ठळक, बहुधा जोडीजोडीने असतात; कवड्याचे मानेपासूनच ठळक असून शेपटीकडे विरळ होतात. पण रात्रीच्या अंधारात, घाबरलेल्या अवस्थेत ह्या ज्ञानावर प्राण सोपवू नये. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि तो दंश पुष्कळदा दुखतही नाही. लक्षणे काही तासांनी दिसतात. जखम कापणे, विष चोखणे, घट्ट दोरी आवळणे, हे उपाय अजूनही पडद्यावर सांगितले जातात आणि ते घातक आहेत. दंश झालेला अवयव हलू न देता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने निघावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ह्या चारही सापांवर एकच प्रतिविष चालते व डॉक्टर लक्षणे पाहून ते देतात. साप मारून नेण्याची किंवा पकडण्याची मुळीच आवश्यकता नसते.

शेवटी आणखी एक गोष्ट. ह्या साधनांचे आपण केवळ ग्राहक आहोत असे मानण्याचे कारण नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये रानपिंगळा तानसा अभयारण्यात आढळला. ज्या तानसाचे पाणी भिवंडी तालुक्यातून जाणाऱ्या मोठमोठ्या नळांतून मुंबईला जाते, तेच हे तानसा. सातपुड्याच्या कुशीत शोधावयाचा पक्षी आपल्या शेजारी राहत होता आणि तोपर्यंत त्याची दखल कोणत्याही ग्रंथात नव्हती. भिवंडीच्या खाडीकाठी, भातखाचरांत, गोदामांच्या आडोशाला कोणते जीव राहतात ह्याच्या नोंदी आपण ठेवल्या नाहीत तर दुसरे कोण ठेवणार? एखाद्या शाळेने वर्षभर आपल्या आवारातल्या पक्ष्यांची यादी केली, प्रत्येक नोंदीला तारीख, ठिकाण आणि छायाचित्र जोडले, जे ओळखता आले नाही त्यापुढे तसे प्रांजळपणे लिहिले, तर ती यादी खऱ्या पुराव्याच्या पंक्तीत बसेल. दुर्मिळ प्राण्याचे घरटे सापडल्यास त्याचा नेमका ठावठिकाणा मात्र जाहीर करू नये, एवढे पथ्य पाळावे. दुसऱ्याचे लिहिणे पारखून घ्यावयाचे आणि आपले लिहिणे पारखण्याजोगे ठेवावयाचे, ह्या दोन सवयी एकमेकींना पूरक आहेत, आणि शास्त्राचा अभ्यास म्हणतात तो ह्या दोन सवयींनीच सुरू होतो.