मॅटर पळालं

छापखान्यात फर्मा आवळला की पान पक्कं व्हायचं. शिशाचे खिळे आणि भोवती लोखंडी चौकट. ओळ इकडची तिकडे व्हायची सोयच नव्हती. नव्वदच्या आसपास मराठी मजकूर संगणकावर आला आणि ही खात्री गेली ती गेलीच. तेव्हापासून टायपिंगची दुकानं, वकिलांच्या कचेऱ्या, प्रबंध करून देणारे डीटीपीवाले, सगळीकडे एकच तक्रार ऐकू येते: घरी बरोबर होतं, इथं मॅटर पळालं.

वर्डस्टारच्या काळात निदान पळण्याचा हिशेब लागायचा. 1978 सालचा हा प्रोग्राम आपल्याकडे डॉसच्या अखेरीपर्यंत टिकला. सी-डॅकचं जिस्ट कार्ड बसवलं की डॉसवर देवनागरीही उमटायची. पान तोडायचं तर ओळीच्या सुरुवातीला टिंब देऊन 'पीए' लिहायचं. टिंब, 'सीपी' आणि पुढे आकडा दिला, तर तेवढ्या ओळींची जागा उरली नसेल तेव्हाच पान तुटायचं. पानाची लांबी 66 ओळी धरलेली असे, म्हणजे इंचाला सहा ओळींनी 11 इंच. आपल्या बाजारात मात्र 12 इंची सलग कागदही सर्रास मिळे. त्यावर 72 ओळी मावतात. मग दुसरं पान छिद्रांच्या रेघेच्या सहा ओळी आधीच सुरू व्हायचं, तिसरं बारा ओळी आधी, आणि मधल्या पानांतला मजकूर बरोबर फाडायच्या जागी यायचा. तेरावं पान पुन्हा नेमकं माथ्यावर! ऑपरेटर प्रिंटरला शिव्या घालत हाताने रोलर फिरवत बसे. दुखणं रेड्याला नि डाग पखालीला. लांबीच्या आज्ञेत 66चे 72 केले की काम संपत होतं.

विंडोज आणि वर्ड आल्यावर पान पडद्यावर दिसू लागलं. दिसतं तेच छापून येईल, असं सांगितलं जायचं. ते अर्धंच खरं होतं. त्या वेळचा वर्ड ओळी आखताना जोडलेल्या प्रिंटरच्या ड्रायव्हरकडून अक्षरांची मापं घ्यायचा. त्यामुळे डॉट मॅट्रिक्स काढून लेझर लावला की प्रकरण तीन पान 41 ऐवजी 42वर सुरू व्हायचं. अनुक्रमणिका हाताने टाइप केलेली असली (आणि ती असायचीच) की सगळे आकडे खोटे.

मराठीवाल्यांचे हाल आणखी वेगळे. फॉन्ट मराठी, पण आत साठवलेली अक्षरं रोमनच. वर्डच्या लेखी तो अगम्य इंग्रजी मजकूर. वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप मोठं करायची त्याची खोड इथे नडायची: लहान लिपीतल्या कीवर एक मराठी अक्षर, मोठीवर दुसरंच, तेव्हा शब्द डोळ्यांदेखत बदलायचा. जिथे तो फॉन्ट नसेल तिथे फाइल उघडली की रोमन कचरा दिसायचा आणि पानांची संख्याही वेगळीच यायची.

विंडोज 2000 पासून युनिकोड आणि मंगल फॉन्ट आयताच मिळू लागला. अक्षरं शाबूत राहिली, ओळी मात्र फुगल्या. मंगलने शिरोरेषेच्या वर आणि अक्षरांच्या खाली सढळ जागा राखून ठेवली आहे, आणि वर्ड ओळीची उंची त्यातल्या सर्वांत उंच फॉन्टवरून ठरवतो. इंग्रजी परिच्छेदात एक मराठी शब्द आला तरी तेवढीच ओळ खालच्या ओळीपासून लांब जाते. उपाय म्हणजे ओळींमधलं अंतर 'एक्झॅक्टली' करून पॉइंटांत बांधणं. पण आकडा फार कमी केला तर वेलांट्या आणि रफार वरून कापले जातात. 'र्की'सारखं जोडाक्षर टाइप करून पाहावं आणि मगच आकडा ठरवावा.

कागदाच्या मापाचा घोळ तर अजून चालूच आहे. प्रादेशिक सेटिंग अमेरिकी राहिलं की फाइल लेटर मापात उघडते. लेटरची उंची 27.94 सेंटीमीटर, ए-फोरची 29.7. पानामागे तीन-चार ओळींचा फरक पडतो. सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2020 पासून ए-फोरवर पाठपोट छपाई सुरू केली, तेव्हा लीगल मापातले जुने मसुदे ज्यांनी तसेच ओतले त्यांच्या याचिकांच्या पानांची पार फेरमांडणी झाली.

मला विचाराल तर वर्डमधलं सर्वांत मोलाचं बटण म्हणजे परिच्छेदाच्या उलट्या 'पी'ची खूण; कंट्रोल, शिफ्ट आणि 8 दाबूनही चालतं. ती चालू केली की लपलेलं सगळं उघडं पडतं: पान ढकलायला मारलेले पंधरा एंटर, समास सरळ दिसावा म्हणून टाकलेल्या स्पेस, मधेच बसलेला सेक्शन ब्रेक. मथळ्याच्या डावीकडे बारीक काळा चौकोन दिसला तर त्या परिच्छेदाला पानाविषयीची एखादी सूचना चिकटलेली असते, बहुतेकदा पुढच्या परिच्छेदाला सोबत ठेवण्याची. ही सूचना कुणी लागोपाठच्या बऱ्याच परिच्छेदांना लावून ठेवली की अर्धं पान कोरं पडू शकतं, आणि लोक कोऱ्या जागेतच कारण शोधत राहतात. ते असतं पुढच्या पानावर गेलेल्या मजकुरात.

प्रबंधात प्रस्तावनेला रोमन आणि पहिल्या प्रकरणापासून साधे आकडे हवे असतात. तिथे सेक्शन तोडून, नव्या सेक्शनच्या तळाशी 'लिंक टू प्रीव्हियस' आधी बंद करायचं आणि मगच क्रमांक बदलायचा.  शेवटच्या पानावर पूर्ण तक्ता आला की मागे एक कोरं पान निघतं, कारण तक्त्याखाली परिच्छेदाची एक खूण वर्ड ठेवतोच, ती पुसता येत नाही. तिचा टाइप 1 पॉइंट करायचा, आधी-नंतरची जागा शून्यावर आणायची. कोरं पान जातं.