नोटरी झाली म्हणजे गाडी गेली?

उसाचं बिल खात्यावर पडलं की आमच्या वरकुटे गावात जुन्या चारचाकीचा विषय निघतोच. मग कुणातरी पाहुण्याच्या ओळखीनं इंदापूर-बारामतीला चक्कर होते. पत्र्याच्या शेडखाली टायरला काळं पॉलिश मारलेल्या पाच-सात गाड्या, काचेवर ‘एमएच ४२, सिंगल ओनर’, आणि विकणाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये मूळ मालकाच्या सह्या असलेले मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०. घेणाऱ्याचा रकाना कोरा. ‘सह्या आहेत की, नाव कधीपण लावा!’

घोळ त्या कोऱ्या रकान्यात आहे.

गाडी विकणाऱ्याला वाटतं, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केली, चावी दिली, आपण सुटलो. पण मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे ज्याचं नाव आरटीओच्या नोंदीत आहे तो. ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या खटल्यात एक मारुती ८०० हातोहात विकली गेली होती, नाव मात्र पहिल्याच माणसाचं राहिलं. २००९ मध्ये तिनं अपघात केला. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं भरपाईची जबाबदारी त्या पहिल्या नोंदणीकृत मालकावरच टाकली. अपघात झाला तेव्हा गाडी विकून त्याला दीड वर्षाहून जास्त काळ लोटला होता! म्हणून राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं.

दुसरा समज: जुन्या गाड्यांच्या धंद्याला परवाना कसला? स्वतःची गाडी शेजाऱ्याला विकायला तो लागत नाही, हे खरं. पण धंदा म्हणून नोंदणी झालेल्या गाड्या घेऊन विकणाऱ्याला १ एप्रिल २०२३ पासून आरटीओचं प्राधिकारपत्र लागतं, ते पाच वर्षं चालतं. केंद्राचा हा नियम मोठ्या शहरातल्या चकचकीत शोरूमपुरता नाही, हायवेकडेच्या शेडलाही तोच आहे.

याचा फायदा विकणाऱ्यालाच जास्त. अधिकृत डीलरकडे गाडी सोपवताना दोघांनी मिळून फॉर्म २९सी ऑनलाइन भरायचा. तिथून गाडीचा मालक डीलर मानला जातो, पुढची जोखीम त्याची. गाडी रस्त्यावर काढायची तर ट्रायल, दाखवणं, दुरुस्ती अशा ठरलेल्या कामांसाठीच, आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवून. भाच्याच्या लग्नाला तुमची गाडी पिटाळायची सोय त्यात नाही. परवाना नसलेल्याकडे ‘विकून देतो’ म्हणून गाडी लावली, तर ती कुठंही फिरली तरी नाव तुमचंच.

विम्याचंही तसंच. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण आपोआप जात नाही. १४ दिवसांत पॉलिसी नावावर करायला अर्ज द्यावा लागतो. बँकेचा बोजा आरसीवर असेल तर तो आधी फॉर्म ३५ देऊन उतरवून घ्यावा.

आणि डीलरचं हे प्राधिकारपत्र म्हणजे गाडी चांगली असल्याचा दाखला नव्हे. इंजिन कितपत झिजलंय, मीटर मागं फिरवलाय का, यातलं काहीच ते सांगत नाही. त्यासाठी आपला ओळखीचा मिस्त्री सोबत न्यावा, आणि त्याला आधी चासी नंबरवरची माती पुसून एकेक आकडा आरसीशी ताडायला लावावा.