उत्सवाची वर्गणी, रुग्णालयाची गरज

श्रावण सरत आला की पालघर-बोईसर परिसरात पावतीपुस्तके बाहेर पडतात. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील कामगारांच्या चाळी, अणुऊर्जा केंद्राच्या कर्मचाऱ्यांची वसाहत, पालघरची बाजारपेठ, सातपाटी-चिंचणीसारखी किनाऱ्यावरची गावे, सर्वत्र मांडव उभे राहतात. गणपतीमागोमाग नवरात्र येते. हा सारा खटाटोप करणारे कार्यकर्ते बिनपगारी असतात. दिवसा कारखान्यात पाळी करावी आणि रात्री आरास उभारावी, असा त्यांचा परिपाठ. परंतु ही संघटित शक्ती विसर्जनाबरोबर पांगते आणि पुढच्या वर्षीच पुन्हा जागी होते. तिचा काही अंश गावच्या सरकारी रुग्णालयाकडे वळविता येईल काय, याचा गंभीरपणे विचार व्हावयास हवा.

हा प्रश्न या जिल्ह्यात अधिक निकडीचा आहे. तारापूरचे अणुऊर्जा केंद्र १९६९ साली सुरू झाले. त्याच्या शेजारी राज्यातील एक मोठी औद्योगिक वसाहत वाढली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. परंतु पश्चिमेस कारखान्यांची धुराडी आणि पूर्वेस जव्हार-मोखाड्याचे आदिवासी डोंगर ही तफावत केवळ सीमा आखल्याने मिटत नाही. दुखणे बळावले की येथील रुग्णाला मुंबईची किंवा गुजरातेतील वापी-वलसाडची वाट धरावी लागते, हा या भागातील असंख्य कुटुंबांचा अनुभव आहे. जानेवारी २०२० मध्ये तारापूरच्या एका रासायनिक कारखान्यात झालेल्या स्फोटाने कित्येकांचे प्राण घेतले. जेथे असे संकट केव्हाही ओढवू शकते, तेथे जवळचे रुग्णालय सुसज्ज असणे ही चैन नव्हे.

उत्सवाने रुग्णसेवेस हातभार लावावा, ही कल्पना नवी नाही. मुंबईतील लालबागच्या ज्या मंडळाची स्थापना १९३४ साली झाली, त्याने २०२० च्या महामारीत गणेशमूर्तीची प्रतिष्ठापना न करता ‘आरोग्योत्सव’ साजरा केला. मांडवात दर्शनाच्या रांगेऐवजी रक्तदान आणि रक्तद्रवदान झाले. पुण्यात दगडूशेठ हलवाई गणपती ट्रस्टने ससून रुग्णालयातील रुग्णांच्या भोजनाची व्यवस्था अंगावर घेतली. दूर अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीमध्ये १९७१ साली सुरू झालेल्या एका नाताळ-उत्सवात स्वयंसेवक झाडे सजवितात, ती विकली जातात आणि त्या पैशातून मुलांच्या रुग्णालयाला मदत होते. धर्म वेगळा, देश वेगळा. पण आनंदाच्या दिवशी माणसाचा हात सैल सुटतो, ही गोष्ट सर्वत्र सारखीच.

तथापि केवळ औदार्याने भागत नाही. येथे रक्तदानाचेच उदाहरण बोलके आहे. गणेशोत्सवात गल्लोगल्ली शिबिरे भरतात. परंतु संकलित रक्तातील तांबड्या पेशी शीतपेटीत पाच-सहा आठवडेच टिकतात आणि प्लेटलेट तर अवघे पाच दिवस. उलट पुरुषाला पुन्हा रक्तदान करण्यास तीन महिने आणि स्त्रीला चार महिने थांबावे लागते. म्हणजे सर्व मंडळांनी एकाच आठवड्यात शिबिरे घेतली, तर आज रक्ताचा पूर येतो आणि पुढे दुष्काळ पडतो. मे महिन्यात महाविद्यालये बंद असतात, चाकरमानी गावी गेलेले असतात. नेमकी तेव्हा रक्तपेढीची चणचण वाढते. येथील आदिवासी समाजात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. त्याच्या काही रुग्णांना पुनःपुन्हा रक्त द्यावे लागते. बाळंतपणात अतिरक्तस्राव झालेली स्त्रीही पंचांग पाहून रुग्णालयात येत नाही. तेव्हा मंडळांनी चढाओढीऐवजी वाटणी करावी. कोणी गणपतीत, कोणी दिवाळीनंतर, कोणी शिवजयंतीस आणि कोणी मुद्दाम मे महिन्यात शिबिर घ्यावे, आणि हे वेळापत्रक रक्तपेढीच्या सल्ल्याने ठरवावे.

हाच न्याय पैशालाही लागू आहे. देणगीदाराच्या नावाची पाटी लावलेले यंत्र देण्याचा मोह मोठा असतो. पण ते चालविणारा तंत्रज्ञ आणि दुरुस्तीचा खर्च यांची तरतूद नसेल, तर त्यावर धूळ बसते. डोंगरातून आलेल्या रुग्णाच्या नातेवाइकाला दोन वेळचे जेवण, रात्री टेकण्यास जागा, घरी परतण्यास गाडीभाडे या गोष्टी छायाचित्रात भरत नाहीत. उपचार अर्धवट सोडून माणूस निघून जातो तो मात्र बहुधा त्यांच्याच अभावी.

मदत पोहोचविण्याचा मार्गही उपलब्ध आहे. १९९४ च्या सुरतेतील प्लेगच्या साथीनंतर इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात रुग्ण कल्याण समितीचा प्रयोग झाला. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ही पद्धत देशभर नेली. अशा समितीला देणग्या स्वीकारून त्या तेथेच खर्च करता येतात. वर्गणी गोळा करण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची रीतसर परवानगी घ्यावी. विसर्जनानंतर जमाखर्च फलकावर लावावा. जमा किती, आरास किती, रुग्णालयास किती, हे तीन आकडे लोकांना दिसले की पुढच्या वर्षी पावती फाडताना दारावर वाद होणार नाही.

आरोग्य ही शासनाची जबाबदारी असताना जनतेने झोळी का फिरवावी, असा आक्षेप घेतला जाईल. तो रास्त आहे. डॉक्टरांच्या रिक्त जागा भरणे, औषधे पुरविणे, इमारती बांधणे ही कामे वर्गणीने होणारी नव्हेत आणि होऊही नयेत. कंपनी कायदा २०१३ अन्वये ठराविक मर्यादेवरील कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कार्यावर खर्चावा लागतो. त्याचा हिशेब मागण्याचे कामही चाळीतल्या कामगाराच्या पावतीमागे झाकले जाऊ नये. परंतु जो समाज रुग्णालयात वर्षभर ये-जा करतो, त्यालाच तेथील उणिवा नेमक्या ठाऊक असतात. डॉक्टर का नाहीत, हा त्याचा प्रश्न मग कोणालाही सहजासहजी टाळता येत नाही. पालघर-बोईसरच्या मंडळांनी वर्गणीबरोबर हा प्रश्नही रुग्णालयाच्या दारी नेला, तर त्यांच्या उत्सवाला सार्वजनिक हे विशेषण खऱ्या अर्थाने शोभेल.