पवनचक्कीवर चढणाऱ्याची जबाबदारी कुणाची?

अहिल्यानगर, बीड आणि धाराशिव हे तीन जिल्हे खर्ड्याच्या परिसरात एकमेकांना भिडतात. बालाघाटच्या पठारावर बीड-धाराशिवच्या बाजूला पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या राहिल्या आहेत. प्रत्येक रांगेमागे कागदोपत्री एक मोठी कंपनी असते. प्रत्यक्ष कामावर मात्र ठेकेदार, त्याच्या हाताखालचा पोटठेकेदार आणि त्याने आणलेली आसपासच्या गावांतली आयटीआय झालेली मुले असतात. त्यांतलाच एखादा मुलगा यंदा एका कंपनीच्या टॉवरवर, पुढल्या वर्षी दुसरीच्या विद्युतवाहिनीवर आणि नंतर तिसरीच्या सौरप्रकल्पात काम करतो. कंपन्या बदलतात, माणूस तोच राहतो. त्यामुळे त्याची सुरक्षितता प्रत्येक कंपनीने आपापल्या कुंपणाआड सांभाळायची ही पद्धत अपुरी आहे. एका पठारावर धंदा करणाऱ्या सर्वांनी ती मिळून सांभाळली पाहिजे.

कंपन्यांची जबाबदारी म्हटले की आपल्याला सीएसआरचा फलक आठवतो. कंपनी कायदा 2013च्या कलम 135नुसार ठरावीक मर्यादेपुढच्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे असतात. परंतु त्याचे नियमच सांगतात की, स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा किंवा नेहमीच्या व्यवसायाचा खर्च त्यात धरता येत नाही. हे योग्यच आहे. सुरक्षापट्टा हे दान नव्हे, ते कंपनीचे देणे आहे. मात्र या देण्याचा फलक कुठे लागत नाही. सीएसआरमधून बांधलेला बसथांबा गावाला दिसतो. पट्ट्याची शिलाई उसवली आहे, हे फक्त वर चढणाऱ्याला दिसते.

यावर कुणी म्हणेल, कायदे आहेतच की. आहेत. वीज कायदा 2003च्या कलम 161खाली अपघाताची खबर द्यावी लागते आणि चौकशीही होऊ शकते. पण त्या चौकशीतला धडा शेजारच्या कंपनीच्या पोटठेकेदारापर्यंत पोहोचवण्याची सक्ती त्या कलमात नाही. शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना 2022-23पासून ‘सेबी’च्या नियमानुसार कामगारांच्या अपघातांचे आकडे जाहीर करावे लागतात, तो अहवाल गुंतवणूकदार वाचतो. टॉवरखाली उभ्या मुकादमाला हवे असते ते वेगळेच: गेल्या महिन्यात पलीकडच्या डोंगरावर नेमके काय चुकले?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. निविदा कमी दरावर मिळते. प्रतिस्पर्ध्याशी हातमिळवणी करून खर्च कोण वाढवील? जगातल्या पवनऊर्जा कंपन्यांनीच याचे उत्तर दिले आहे. 2012 साली टर्बाइन बनवणाऱ्या आणि चालवणाऱ्या कंपन्यांनी ‘ग्लोबल विंड ऑर्गनायझेशन’ स्थापन केली. उंचीवरचे काम, प्रथमोपचार, आग, ओझे हाताळणे यांचे समान प्रशिक्षण ठरवले, दोन वर्षांनी उजळणी बंधनकारक केली आणि एकीचे प्रमाणपत्र दुसरीने मान्य करावे अशी सामाईक नोंद ठेवली. यात खर्च वाचतो, कारण तेच प्रशिक्षण प्रत्येक दारात पुन्हा घ्यावे लागत नाही. शिवाय अट सर्वांना सारखी असली, की सुरक्षेला कात्री लावून दर पाडण्याची वाट बंद होते. सुटकेचेही तसेच. शंभर मीटर उंचीवर पट्ट्याला लटकलेल्या बेशुद्ध माणसाच्या पायांत रक्त साचते आणि काही मिनिटांत जीव धोक्यात येतो. तालुक्याची अग्निशमन शिडी तिथवर पोहोचणार नाही. प्रत्येक कंपनीला स्वतंत्र सुटकापथक परवडत नसेल, तर सर्वांनी मिळून ते उभे करावे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रासायनिक कारखान्यांनी आपत्तीत परस्परांच्या मदतीला धावण्याची ‘मार्ग’ ही व्यवस्था उभारली आहेच.

धोका केवळ उंचीचा किंवा विजेचा नाही. डिसेंबर 2024मध्ये बीड जिल्ह्यातील मस्साजोगला पवनऊर्जा प्रकल्पाच्या सुरक्षारक्षकाला मारहाण झाली. मध्ये पडलेले सरपंच संतोष देशमुख यांची त्यानंतर तीनच दिवसांत हत्या झाली. या प्रकरणाच्या आरोपपत्रात कंपनीकडे खंडणी मागितल्याचा आरोप आहे. खंडणीखोरापुढे एकटी कंपनी गप्प बसू शकते, आणि त्या गप्प बसण्याची किंमत फाटकावरच्या पहारेकऱ्याला मोजावी लागते. सर्व कंपन्यांनी एकत्र, लेखी आणि वेळेवर तक्रार करायची ठरवली, तर प्रशासनाला ती बाजूला सारणे अवघड जाईल.

अशी एकजूट टिकते का, ही शंका रास्त आहे. 11 मार्च 1795 रोजी याच खर्ड्यावर पेशवे, शिंदे, होळकर, भोसले एकत्र लढले आणि निजाम हरला. 1802 साली होळकर आणि शिंदे पुण्याजवळ एकमेकांवरच तोफा डागत होते. संकटापुरता एकोपा संकटाबरोबर संपतो. म्हणून सुरक्षेचा करार लेखी हवा, त्यात ठेकेदार आणि कामगारांचे प्रतिनिधी हवेत, आणि अपघातांची नोंद सर्वांना खुली हवी. नाहीतर तो देखावाच ठरेल.

सुरुवात गावाला करता येईल. खर्डा, पाटोदा, भूम भागातल्या ग्रामपंचायतींनी ना हरकत दाखला देताना बसथांब्याच्या आधी एवढे विचारावे: टॉवरवर चढणाऱ्या आमच्या मुलाला प्रशिक्षण कुणी दिले, तो वर अडकला तर खाली कोण आणणार, आणि शेजारच्या कंपनीशी तुमचा याबाबत करार आहे का? उत्तर लेखी घ्यावे आणि ग्रामसभेत वाचून दाखवावे.