इतिहासाचा पाठ : कसबा पेठेतून चालताना



चौथीचा इतिहास वर्गात शिकवताना मुलं सनावळ्या पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. म्हणून यंदा मी मुलांना घेऊन पुण्याच्या जुन्या कसबा पेठेत पायी फिरले. सगळे थांबे जवळजवळ आहेत. वही-पेन्सिल आणि पाण्याची बाटली एवढी तयारी पुरते.

थांबा १ : शनिवारवाडा. पायाभरणी १७३०, वास्तुशांत १७३२. दिल्ली दरवाजावरचे अणकुचीदार खिळे कशासाठी, हे आधी मुलांनाच विचारा. हत्तीच्या धडकेने दार फुटू नये म्हणून! आत फक्त जोती दिसतात, कारण १८२८ च्या आगीत वाडा जळाला.

थांबा २ : लाल महाल. शिवरायांचं बालपण इथे गेलं. १६६३ मध्ये शाहिस्तेखानावर छापाही इथेच पडला. पण आजची इमारत नंतर बांधलेली आहे, हे मुलांना जरूर सांगा. "मग खरं काय उरलं?" असं एकाने विचारलं. इतिहासात असेच प्रश्न विचारायचे असतात.

थांबा ३ : कसबा गणपती. हे पुण्याचं ग्रामदैवत. विसर्जन मिरवणुकीत पहिला मान याचाच.

थांबा ४ : तांबट आळी. इथे कान उघडे ठेवायचे. ठक्-ठक् आवाज येतो. तांब्याच्या भांड्यावर हातोडीने एकसारखे ठोके देतात, त्याला मठारकाम म्हणतात. त्याने पत्रा मजबूत होतो आणि भांड्याला चकाकी येते. पूर्वी इथून घरोघरी हंडे, घंगाळी, बंब जात. पुढे स्टील आणि प्लॅस्टिक आलं, मागणी घटली.

माझ्या वर्गातला एक मुलगा याच आळीतला. वडील काय करतात विचारलं की तो मान खाली घालायचा. त्या दिवशी वडिलांनी सगळ्यांना हातोडी धरायला दिली. कुणाचाच ठोका नीट पडेना! मग त्यानेच दाखवलं, "असं नाही रे, मनगट सैल सोड." दुसऱ्या दिवशी वर्गात तो पहिल्यांदा स्वतःहून उभा राहून बोलला.

पालकांनो, तुमच्या गावातही जुनी पेठ, वेस, आळी असेलच. एका रविवारी मुलांचा हात धरून चालून या. आजी-आजोबांना सोबत घ्या. परत आल्यावर निबंध नको, फक्त नकाशा काढायला सांगा आणि त्यात आपलं घरही दाखवायला सांगा.