बिकिनीवरचा फौजफाटा

१९४६च्या जानेवारीत अमेरिकी नौदलाचे व्हाइस अ‍ॅडमिरल विल्यम ब्लँडी यांच्यावर एक कामगिरी सोपवली गेली. अणुबॉम्बपुढे युद्धनौका टिकतात का, हे प्रत्यक्ष बॉम्ब फोडून पाहायचं. जागा ठरली मार्शल बेटांमधलं बिकिनी. प्रवाळाच्या कड्याने वेढलेलं खाऱ्या पाण्याचं विस्तीर्ण सरोवर आणि भोवती चिंचोळ्या बेटांची माळ. लागेल ती प्रत्येक वस्तू हजारो किलोमीटरवरून जहाजाने आणावी लागणार होती. त्यातच युद्ध संपल्यामुळे नाविकांना घरी सोडण्याचा सपाटा चालू होता आणि अणुबॉम्ब बनवणाऱ्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेचे शास्त्रज्ञही आपापल्या विद्यापीठांत परतू लागले होते. तरीही जुलैपर्यंत सुमारे ४२ हजार माणसं, २४०हून अधिक जहाजं आणि दीडशेवर विमानं तिथे कामाला लागली.

एवढा पसारा हाकायचा कुणी, हा प्रश्न सोपा नव्हता. बॉम्बपुढे जहाजं निकामी ठरतात हे हवाई दलाला दाखवायचं होतं, तर आरमाराचे दिवस सरलेले नाहीत हे नौदलाला. यातून निघालेली तोड म्हणजे संयुक्त कृती दल. भूदल, नौदल, हवाई दल आणि शास्त्रज्ञ असे सगळे एकाच सेनापतीच्या हुकमाखाली, तेही ठरावीक मुदतीपुरते. ब्लँडींच्या हाताशी तांत्रिक बाजू सांभाळायला विल्यम पार्सन्स होते. हिरोशिमाच्या वाटेवर उडत्या विमानात बॉम्बची अंतिम जुळणी करणारे हेच ते पार्सन्स. पुढच्या चाचणी-मालिकांसाठी अशीच दलं नव्याने उभी राहिली. शास्त्रज्ञ, भूदल, नौदल, हवाई दल अशा तुकड्या पाडण्याची पद्धत रुळली आणि बांधकाम खासगी कंत्राटदाराकडे गेलं.

या नियोजनाचं कौतुक वाटतं, पण त्यातला अग्रक्रम खटकतो. अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांना हजर राहता यावं म्हणून पहिली चाचणी मेच्या मध्यावरून १ जुलैला ढकलली गेली. बिकिनीच्या १६७ रहिवाशांना मात्र मार्चमध्येच रोंगेरिक बेटांवर नेऊन ठेवलं होतं. तिथे पाणी आणि अन्न इतकं अपुरं होतं की दोन वर्षांत त्यांच्यावर उपासमारीची पाळी आली. ९०हून अधिक लक्ष्यनौकांचे नांगर कुठे पडावेत याचा काटेकोर आराखडा तयार होता. तितक्या काळजीने या माणसांच्या जेवणाचा विचार झाला नाही.

पहिला बॉम्ब विमानातून टाकला गेला आणि नेमासाठी नारिंगी रंगवलेल्या ‘नेवाडा’ युद्धनौकेपासून साधारण साडेसहाशे मीटर दूर फुटला. दुसरा, ‘बेकर’, २५ जुलैला पाण्याखाली २७ मीटरवर फोडला गेला. सुमारे वीस लाख टन पाणी वर उसळलं आणि खाली कोसळताना दाट तुषारांची लाट सगळ्या ताफ्यावरून फिरली. हवेतल्या स्फोटात किरणोत्सारी द्रव्याचा बराच भाग वर निघून जातो. इथे तो खाऱ्या पाण्यातून डेकवर, दोरखंडांवर, रंगाच्या पापुद्र्यांत आणि गंजात मुरला.

अशी जहाजं धुवायची कशी, याची तयारीच नव्हती. आधी पंपांनी पाण्याचे फवारे मारून झाले. मग नाविक ब्रश, साबण आणि कॉस्टिक सोडा घेऊन डेक घासू लागले, कित्येकजण उघड्या अंगाने. किरणोत्साराची मोजणी थोडी खाली यायची आणि तिथेच अडायची. तिकडे मदतनौकांच्या बुडाला चिकटलेलं शेवाळ सरोवरातलं किरणोत्सारी द्रव्य शोषत होतं आणि समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या यंत्रांतही ते साचू लागलं होतं.

खरा धोका तर उपकरणांना दिसतच नव्हता. बॉम्बमधल्या सहा किलोंच्या आसपास प्लुटोनियमपैकी फार तर किलोभर विखंडनात खर्ची पडलं, बाकीचं सरोवरात पसरलं. प्लुटोनियमचे अल्फा कण हवेतच काही सेंटिमीटरवर थांबतात. त्यामुळे नाविकांच्या हातातले गायगर काउंटर त्याबाबत मुकेच होते. किरणोत्सारापासून सुरक्षेची जबाबदारी असलेले डॉक्टर स्टॅफर्ड वॉरन काम थांबवा म्हणून कळवळून सांगत होते आणि अधिकाऱ्यांना काही पटत नव्हतं. अखेर १० ऑगस्टला त्यांनी ब्लँडींपुढे एका माशाचं चित्र ठेवलं. सरोवरातला सर्जनफिश फोटोच्या काचेवर ठेवला होता आणि त्याच्या शरीरातल्या किरणांनीच काचेवर त्याची आकृती उमटवली होती. साफसफाई त्याच दिवशी थांबली. ठरलेली तिसरी चाचणीही पुढे रद्द झाली.

या अनुभवातून सुरक्षा विभागाचं बळ वाढलं, तरी वेळापत्रकापुढे त्याचं पारडं जड झालं नाही. १ मार्च १९५४ला बिकिनीवरच ‘ब्राव्हो’ हा हायड्रोजन बॉम्ब फोडला गेला. अंदाज सहा मेगाटनांचा होता, निघाले पंधरा. वरच्या थरांतला वारा पूर्वेच्या वस्तीच्या बेटांकडे वळत असल्याची माहिती आदल्या रात्री हाती होती. त्यांतल्या रोंगेलॅपवर प्रवाळाची पांढरी राख पडली, मुलं तिच्यात खेळली. तिथल्या लोकांना हलवायला जहाज पोचलं ते दोन दिवसांनी. ‘फुकुर्यू मारू’ या जपानी मासेमारी बोटीवरचे २३ जणही त्या राखेत सापडले. महिनाभरात, २ एप्रिलला, नेहरूंनी लोकसभेत अशा चाचण्या थांबवण्याचा करार करावा अशी मागणी केली.

रोंगेलॅपच्या लोकांना १९५७मध्ये परत नेण्यात आलं. आजारांचं प्रमाण पाहून त्यांचा विश्वास उडाला आणि त्यांनी पुन्हा हलवण्याची विनंती केली. अमेरिकी सरकारने ती मानली नाही. १९८५च्या मेमध्ये त्यांनी आपली घरं स्वतः उकलली आणि ग्रीनपीसच्या ‘रेनबो वॉरियर’ जहाजाने त्यांना फेऱ्या करून मेजॅटो बेटावर पोचवलं.